वही कोणी लिहिली?

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. माझा मुलगा पाचवीत, सेमी इंग्रजीला आहे. सकाळी सात ते नऊ त्याचा स्पर्धा परीक्षांचा क्लास असतो. तेथे शिष्यवृत्ती, नवोदय आणि सैनिक स्कूल अशा तिन्ही परीक्षांची तयारी करून घेतात. पावणेअकरा ते पाच शाळा असते. सायंकाळी सातला तो गृहपाठाला बसतो आणि साडेदहापर्यंत उठत नाही. प्रश्नोत्तरे उतरवून काढायची, तोच स्वाध्याय वहीत आणि पुन्हा व्यवसायमालेत लिहायचा, शुद्धलेखनाची पाने भरायची, शिवाय क्लासची सरावपत्रिका वेगळी. त्याचे डोळे मिटू लागले की उरलेले मीच त्याच्यासारखे अक्षर काढून लिहिते. एकदा वही अपुरी राहिली तेव्हा त्याला वर्गाबाहेर उभे केले होते. अलीकडे सकाळी पोट दुखते म्हणतो. पूर्वी शनिवारी शाळा सुटली की कोरेगाव तालुक्यात आजोबांकडे जायचा, ते बंद झाले. यंदा दिवाळीत किल्लाही केला नाही. हे कोडोलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांचे म्हणणे, आम्हीही केलेच की, आता तर स्पर्धेचे दिवस आहेत. मी शाळेत बोलावे का? बोलले तर राग मुलावर निघेल का? क्लास बंद करावा का? येत्या शनिवारी अजिंक्यताऱ्याचा प्रकल्प द्यायचा आहे, तोही मलाच करावा लागणार असे दिसते.
एक आई, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेलात. ‘उरलेले मीच त्याच्यासारखे अक्षर काढून लिहिते.’ तुम्ही विचारलेल्या सर्व प्रश्नांकडे येईन, परंतु सुरुवात येथूनच करायला हवी, कारण हे वाक्य जोवर खरे आहे तोवर शाळेत जाऊन काय सांगायचे हे तुम्हालाही नीट ठरवता येणार नाही.

मी माध्यमिक शाळेला जोडलेल्या पाचवी ते सातवीच्या वर्गांना तेहतीस वर्षे गणित शिकवले आणि त्यातली निम्मी वर्षे भरमसाट गृहपाठ देण्यात घालवली. एका वर्षी पाचवीला हातच्याची वजाबाकी शिकवून झाल्यावर मी पंचवीस उदाहरणे घरून सोडवून आणायला सांगितली. एका मुलाने पंचवीसच्या पंचवीस चुकीची आणली. वरचा अंक लहान असला की हातचा घेण्याऐवजी तो सरळ खालच्या मोठ्या अंकातून वरचा वजा करून मोकळा होत होता. म्हणजे मी त्याच्याकडून एकच चूक पंचवीस वेळा घोटवून घेतली होती, आणि तीन उदाहरणे दिली असती तर ती तिसऱ्या उदाहरणाला तितकीच स्पष्ट दिसली असती. त्याच दिवशी एका मुलीची वही मात्र अगदी स्वच्छ आणि बरोबर आली. मी लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला. सहामाही परीक्षेत ती नेमकी त्याच प्रश्नाला कोरी राहिली, तेव्हा कळले की घरची सर्व उदाहरणे थोरली बहीण सोडवून देत होती. चुकीची वही आणणाऱ्या मुलाला मी आठवड्याभरात दुरुस्त करू शकले. बरोबर वही आणणाऱ्या मुलीचे मात्र तीन महिने फुकट गेले, आणि त्यात तिचा दोष नव्हता.

वही घरून शाळेत येते ती शिक्षकासाठी निरोप घेऊन येते. मुलाला काय समजले, कोठे अडले आणि दिलेले काम त्याच्या आवाक्यात होते की नाही, एवढे तिने सांगायचे असते. तुमच्या मुलाची वही दररोज शाळेला एवढेच सांगते की काम वेळेत पूर्ण झाले, म्हणजे आणखी थोडे द्यायला हरकत नाही. वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांपैकी पंधरा-वीस घरांत जरी असे होत असले तरी बाईंना भार कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. तुम्ही हे मायेपोटी करता आणि त्याला शिक्षा होऊ नये म्हणून करता, हे मी जाणते. तरीही त्याचा परिणाम असाच होतो.

आता भाराचे गणित मांडू. क्लासचे दोन तास, शाळेचे सव्वासहा आणि घरचे साडेतीन मिळून पावणेबारा तास होतात. त्याच्या वडिलांना हा आकडा शांतपणे सांगा. एमआयडीसीत एवढा वेळ थांबावे लागले तर त्यातल्या काही तासांना ओव्हरटाइम म्हणतात, आणि कायद्याप्रमाणे त्याची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. ‘आम्हीही केले’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, परंतु त्यांच्या पाचवीच्या वर्षी सकाळी सातचा क्लास होता का, आणि एकच स्वाध्याय दोन ठिकाणी उतरवावा लागत होता का, एवढे त्यांनी आठवून पाहावे. मला वाटते, त्यांना आठवेल ते शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून अंधार पडेपर्यंत खेळणे.

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा दिलेली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. नववीपासून पुढे दिवसाला दोन तास. पुन्हा सांगते, पाचवीला दोन तास आहेत ते आठवड्याला. तुमच्या मुलाच्या साडेतीन तासांपैकी एक तास क्लासचा धरून वजा केला तरी शाळेचे अडीच उरतात, म्हणजे सहा दिवसांचे पंधरा. मात्र हे धोरण मार्गदर्शक स्वरूपाचे आहे, दंड करणारा कायदा नाही. त्यामुळे त्याची प्रत हातात फडकावत शाळेत जाण्याने फार काही साधणार नाही. ते तुमच्या मनात पक्के असावे, एवढ्यासाठी सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, १९९३ मध्ये, प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी जो अहवाल दिला, त्यातही प्राथमिक वर्गांना गृहपाठ नसावा, असलाच तर तो घर-परिसराचा शोध घेण्यापुरता असावा, असे म्हटले होते.

अभ्यास कमी झाला तर मुलगा मागे पडेल, ही भीती तुमच्या पत्रात उघड नसली तरी ओळींमधून दिसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ ते २००३ या काळातील गृहपाठविषयक संशोधन एकत्र तपासून २००६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध सातवी ते बारावीच्या मुलांमध्ये ठळक दिसतो आणि त्याखालच्या वर्गांत फारच क्षीण होतो. लहान मुलांना गृहपाठ मुळीच नको, असा याचा अर्थ मी काढत नाही. दररोज पाढे म्हणणे, दहा मिनिटे मोठ्याने वाचणे, दोन-तीन उदाहरणे स्वतः सोडवणे याने सवय लागते आणि ती पुढे उपयोगी पडते. अक्षराला वळण लागण्यासाठी रोजच्या पाच ओळी पुरतात. परंतु पाठ्यपुस्तकातले उत्तर वहीत आणि वहीतले व्यवसायमालेत नेण्याच्या कामाला मी अभ्यास म्हणणार नाही. ती हमाली आहे, आणि ती करताना मुलाचे डोके बंद असते, हे माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना ठाऊक असूनही आम्ही ती देत आलो.

झोपेचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. तुमचा मुलगा पावणेअकराला अंथरुणाला पाठ टेकत असेल आणि सातच्या क्लासला पोहोचण्यासाठी सहाच्या आत उठत असेल, तर त्याला जेमतेम सात तास मिळतात. दिवसभर शिकलेले मनात पक्के बसण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते. तीच कापून पाने भरून घेणे म्हणजे कणगीला खालून भोक ठेवून वरून ज्वारी ओतत राहणे. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला तोही मुलांच्या झोपेचा विचार करूनच. तुमचा मुलगा पाचवीत गेला, म्हणून एका वर्षात त्याची झोपेची गरज संपली असे होत नाही.

क्लास बंद करावा का, याचे उत्तर ‘एकदम नको, परंतु त्यातले ओझे आजच उतरवा’ असे आहे. साताऱ्यात सैनिक स्कूलचे आकर्षण असणे मी समजू शकते. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये येथेच सुरू झाले आणि त्या फाटकासमोरून जाताना आपल्या मुलाने त्या गणवेशात आत जावे असे कोणत्या आईवडिलांना वाटणार नाही? परंतु तीन परीक्षा म्हणजे एकाच परीक्षेची तीन नावे नव्हेत. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यातले निम्मे बौद्धिक क्षमतेचे; सैनिक स्कूलला सहावीच्या प्रवेशासाठी १२५ प्रश्न, त्यात गणिताचे वजन सर्वांत जास्त आणि सामान्यज्ञान वेगळे; शिष्यवृत्तीला दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील शाळांत तिसरी ते पाचवी शिकलेल्या मुलांसाठी असतात. तुमचा मुलगा शहरातल्या शाळेत शिकत असल्याने उरलेल्या थोड्या जागांत त्याची स्पर्धा असेल. म्हणून पहिली वगळायची ती नवोदय. उरलेल्या दोनपैकी सैनिक स्कूलला जाण्याची, म्हणजे दहा-अकराव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात राहण्याची, त्याची स्वतःची तयारी आहे का, हे त्याला आजवर कोणी विचारले आहे का? तुमच्या पत्रात तसे कोठे दिसले नाही. त्याला विचारा आणि त्याने नाही म्हटले तर शिष्यवृत्तीवर थांबा. क्लासवाल्यांना स्पष्ट सांगा की मुलगा क्लासमध्ये सोडवेल तेवढेच सोडवेल, घरी सरावपत्रिका नेणार नाही. ते कुरकुर करतील. फी तुम्ही भरता, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट त्याच्या वडिलांच्या कानावर घाला. या तिन्ही परीक्षांत पर्यायांतून उत्तर निवडून गोल रंगवायचा असतो. वहीत उतरवून काढलेल्या लांबलचक प्रश्नोत्तरांचा त्यांपैकी एकीलाही काही उपयोग नाही. म्हणजे निव्वळ स्पर्धेच्या हिशेबाने पाहिले तरी त्याच्या रात्रीचा मोठा भाग वाया जातो आहे.

शाळेत बोलावे का? होय, परंतु लगेच उद्या नको. आधी दहा शाळेचे दिवस नोंद ठेवा. एका साध्या वहीत तारीख, विषय, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि ते काम उतरवण्याचे होते की विचार करण्याचे, एवढेच लिहा. शाळेच्या गृहपाठाला दिवसाला पाऊण तास द्या. धोरणाच्या मानाने तोही जास्तच आहे, परंतु साडेतीन तासांवरून एकदम वीस मिनिटांवर आलात तर वर्गात त्याचे निभणार नाही. तो पाऊण तास त्याने मनापासून बसावे, मोबाइल आणि टीव्ही बंद असावा, तुम्ही जवळ असाल तर उत्तम. उत्तर सांगू नका, प्रश्न पुन्हा वाचून दाखवायला हरकत नाही. वेळ संपली की वही मिटायची, आणि दैनंदिनीत तुम्ही तुमच्या स्वतःच्या अक्षरात लिहायचे : ‘आज पंचेचाळीस मिनिटे लक्ष देऊन अभ्यास केला. भागाकाराची चार उदाहरणे स्वतः सोडवली, त्यांतील एक अडले. परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरे अपूर्ण आहेत.’ खाली सही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलगाच घाबरेल, रडेलही. त्याला सांगा की अपुऱ्या वहीची जबाबदारी आता आईने सही करून घेतली आहे.

दहा दिवसांनी वर्गशिक्षकांना वेळ मागून एकटीने भेटा. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आधी चर्चा करू नका आणि चार आयांना घेऊन मोर्चाही नेऊ नका, कारण मोर्चा आला की बाई वकिलासारख्या बोलू लागतात. मी लागले असते. बोलताना ‘तुम्ही फार अभ्यास देता’ असे म्हणण्याऐवजी नोंदवही पुढे ठेवून, याच्या पाऊण तासात कोणते काम आधी करावे हे सांगा, असे विचारा. आणि हेही कबूल करा की यापूर्वीची काही पाने तुम्ही लिहिली होती. अवघड आहे, परंतु त्यामुळे तुमच्या पुढच्या सर्व नोंदींवर त्यांचा विश्वास बसेल.

तुम्ही समोरच्या माणसाची बाजूही जाणून जावे, असे मला वाटते. पाचवीला अनेक शाळांत प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक असतात आणि प्रत्येक जण ‘थोडाच’ अभ्यास देतो. पाच जणांचे थोडे मिळून रात्र होते, हे त्यांच्यापैकी एकालाही दिसत नाही. त्यातच २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते, त्यामुळे शिक्षकही धास्तावलेले आहेत. तपासणीला वह्या पूर्ण लागतात. शिवाय अभ्यास कमी दिला की ‘शाळेत काही शिकवतच नाहीत’ म्हणून फाटकाशी येऊन सांगणारे पालकच असतात. माझ्या नोकरीत ‘जास्त देता’ म्हणून आलेले पालक मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकेन, ‘कमी देता’ म्हणून आलेले मोजले नाहीत. चाळीस मुलांची प्रत्येकी चार पाने म्हणजे दिवसाला एकशे साठ पाने होतात, ती कोणी वाचत नाही, त्यावर नुसत्या बरोबरच्या खुणा होतात. आमच्या शाळेत अखेरीस आम्ही फळ्याचा उजवा कोपरा राखून ठेवला. ज्याने गृहपाठ दिला त्याने तेथे विषय आणि मिनिटे लिहायची. बेरीज चाळीस झाली की पुढच्या शिक्षकाने काही द्यायचे नाही. पहिल्या महिन्यात पहिल्या तासाला जाण्यासाठी आमच्यातच चढाओढ झाली, मग वार वाटून घेतले. तुमच्या वर्गशिक्षकांना ही युक्ती सुचवून पाहा. खडूखेरीज तिला काही खर्च नाही.

राग मुलावर निघेल का, याची हमी मी देऊ शकत नाही. बहुतेक शिक्षक तसे करत नाहीत. परंतु अपुऱ्या वहीसाठी त्याला पुन्हा वर्गाबाहेर उभे केले, तर मात्र गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. आधी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. तेथे दाद लागली नाही आणि शाळा अनुदानित असेल, तर शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. विनाअनुदानित खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. त्या सदस्यांची नावे आजच पाहून ठेवा.

पोटदुखीकडे बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याआधी ‘टाळाटाळ’ म्हणून पाहू नका. जंत, बद्धकोष्ठता, सकाळी काही न खाता क्लासला जाणे, यांपैकी काहीही असू शकते. तपासणीत काही निघाले नाही आणि रविवारी, सुटीत पोट दुखत नसेल, तर ते दुखणे खोटे ठरत नाही. भीतीनेही पोट खरोखरच दुखते. डॉक्टरांना त्याचे दिवसाचे वेळापत्रकही सांगा. एकदा डोळेही तपासून घ्या. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचे नीट न दिसल्यामुळे चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, आणि तुमच्या मुलाच्या दिवसात उजेडातला मोकळा वेळ मला तरी सापडला नाही.

शनिवारचे आजोबांकडे जाणे याच आठवड्यापासून सुरू करा. तो अभ्यास बुडवून जातो आहे असे समजू नका. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना हातांनी काम करत शिकायला लावले, त्या जिल्ह्यात हे पटवून द्यावे लागू नये, तरी लागते. शेत किती गुंठे आहे, एका गुंठ्यात घेवडा किती किलो निघाला, तो बाजारात कोणत्या भावाने गेला, मोटारीला तासाला किती वीज लागते, हे आजोबांना विचारून त्याने वहीच्या एका पानावर लिहिले तर क्षेत्रफळ, गुणाकार आणि सरासरी यांचा सराव त्यात येतो. ते पान सोमवारी वर्गात दाखवू द्या. कदाचित बाई ते वाचतील, कारण ते इतर चाळीस पानांसारखे नसेल.

राहिला अजिंक्यताऱ्याचा प्रकल्प. सायबर कॅफेतून रंगीत छापील चित्रे आणू नका, थर्माकोल तर मुळीच आणू नका. गोडोलीतून किल्ला समोर दिसतो. एका सायंकाळी वडिलांना सुटी असेल तेव्हा दोघांनी वर जाऊन यावे, दरवाजे, तळी आणि मंगळाईचे मंदिर पाहावे, आणि परत येताना पिशवीभर माती आणावी. दिवाळीचा राहिलेला किल्ला त्या निमित्ताने होईल. तो लाकडी फळीवर त्याने एकट्याने करावा. बुरूज वाकडा होईल, तट एका बाजूला खचेल, तळे कदाचित नको त्या ठिकाणी जाईल. शुक्रवारी रात्री तो झोपल्यावर त्यावर हात फिरवायला जाऊ नका. तसाच शाळेत जाऊ द्या.